अर्थ पुढे, सूर मागे : लोककवी वामनदादा कर्डक यांच्या गीतांचा एक पाठ

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजाने आपला इतिहास कंठात जपला. हाती पोथी नव्हती, तरी जात्यावर ओवी होती. दप्तर नव्हते, तरी डफ होता. विसाव्या शतकात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीने या कंठाला विचार दिला आणि तो विचार वस्तीवस्तीत पोहोचवणाऱ्या शाहिरांची एक पिढी उभी राहिली. लोककवी वामनदादा कर्डक हे त्या पिढीतील अग्रगण्य नाव होय.

भीमजयंतीच्या दिवशी वामनदादांचे गीत वाजले नाही अशी आंबेडकरी वस्ती महाराष्ट्रात विरळाच. परंतु ती गीते जेवढी वाजतात तेवढी वाचली जातात काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. भीमगीत हा अभ्यासाचा विषय आहे, तो वर्गात शिकवता येतो आणि निवासी शाळेत तर तो शिकवलाच पाहिजे, असे प्रतिपादन करण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

देशवंडी ते मुंबई

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. घरी दारिद्र्य, गावी अस्पृश्यता. त्यामुळे शाळेचा संबंध आला नाही. पोटासाठी कुटुंब मुंबईस आले. मिळेल ते कष्टाचे काम करीत वामनदादा शिवडीच्या चाळीत वाढले आणि तेथेच समता सैनिक दलाशी त्यांचा संबंध आला.

त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. कोणीतरी पत्र वाचून घेण्यासाठी त्यांच्याकडे आले आणि आपणास वाचता येत नाही, हे या तरुणाला सांगावे लागले. ही लाज त्यांना झोंबली. त्यांनी एका परिचित गृहस्थांकडून मुळाक्षरे गिरवून घेतली आणि रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे जुळवीत ते वाचायला शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गीताच्या चालीवरचे विडंबन होते.

या प्रसंगाचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. निरक्षर माणसाचे दुःख काय असते, हे वामनदादांना पुस्तकातून कळलेले नव्हते. म्हणूनच पुढे त्यांनी जे लिहिले ते वाचू न शकणाऱ्या माणसाला कानांनी वाचता यावे अशा बेताने लिहिले. शब्द सोपा, ओळ आटोपशीर आणि विचार मात्र पूर्ण, ही त्यांच्या गीताची तिन्ही लक्षणे त्या एका न वाचलेल्या पत्रातून आली आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

त्यांचे ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे गीतसंग्रह प्रसिद्ध झाले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथन पुढे प्रकाशित झाले. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. संग्रहांत आली त्यांहून कितीतरी अधिक गीते त्यांनी रचली. ती गायकांच्या वह्यांत आणि श्रोत्यांच्या स्मरणात विखुरलेली राहिली.

जलशाचा वारसा

वामनदादा एकाकी उगवले नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे या समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाच्या परिचित रूपातून सत्यशोधक जलसा घडवला. गण, गवळण, बतावणी, वग ही चौकट लोकांच्या ओळखीची होती. जलसाकारांनी चौकट ठेवली, आशय बदलला. देवाच्या स्तवनाची जागा समतेच्या विचाराने घेतली. बतावणीतील हास्य सावकार, भट आणि भोंदू यांच्या लबाडीकडे वळले.

१९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलशाने हीच वाट अधिक पुढे नेली. नाशिक जिल्ह्यातील शाहीर भीमराव कर्डक यांचा जलसा त्यात विशेष गाजला. मेलेली जनावरे ओढणे सोडा, मुलांना शाळेत घाला, देवऋष्याच्या नादी लागू नका, हा उपदेश भाषणातून एका संध्याकाळी ऐकला तर दुसऱ्या दिवशी पुसट होतो. तोच जलशातून ऐकला तर बायाबापड्या दळताना, पाणी भरताना तो गुणगुणत राहतात. जलशाचे हे सामर्थ्य बाबासाहेबांनीही ओळखले होते. भीमराव कर्डकांनी या साऱ्या कार्याचा वृत्तान्त पुढे ग्रंथरूपाने लिहून ठेवला, म्हणून आज त्याची आपणास माहिती तरी आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली. अवघ्या काही आठवड्यांनी, ६ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नवा धम्म स्वीकारलेल्या लाखो माणसांना तो समजावून सांगणारे भिक्खू थोडे होते, ग्रंथ दुर्मीळ होते आणि ते वाचू शकणारे त्याहून थोडे होते. ही पोकळी बऱ्याच अंशी गायन पार्ट्यांनी भरून काढली. पेटी, ढोलकी, झांज आणि एक जाड वही एवढ्या सामग्रीवर या पार्ट्या रात्रभर गात. गोविंद म्हशीलकर, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे अशा गायकांनी भीमगीते आणि बुद्धगीते महाराष्ट्रभर नेली. वामनदादा स्वतः गात आणि इतरांसाठीही लिहीत.

गीताची घडण

भीमगीत कसे बांधलेले असते, हे पाहिले म्हणजे त्याचे शिक्षणमूल्य ध्यानात येते.

पहिली गोष्ट चाल. वामनदादांनी पुष्कळदा लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली घेतल्या. यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. श्रोत्याला चाल आधीच येत असल्याने त्याचे सारे लक्ष शब्दांकडे राहते. नवा विचार ओळखीच्या पावलांनी घरात येतो.

दुसरी गोष्ट ध्रुपद. गीताचा मुख्य सिद्धान्त ध्रुपदात असतो आणि प्रत्येक कडव्यानंतर तो परत येतो. कडवे उदाहरण देते, ध्रुपद निष्कर्ष सांगते. चार कडव्यांनंतर श्रोत्याने चार पुरावे ऐकलेले असतात आणि निष्कर्ष स्वतःच्या तोंडाने पाच वेळा म्हटलेला असतो. उत्तम शिक्षक वर्गात याहून वेगळे काय करतो?

तिसरी गोष्ट नाममुद्रा. संतांच्या अभंगाच्या अखेरीस जसे कवीचे नाव येते तसे वामनदादांच्या गीताच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. हा केवळ शिक्का नव्हे. सांगणारा माणूस स्वतःला समुदायासमोर उभा करतो आणि आपल्या बोलण्याची जबाबदारी घेतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आशय. वामनदादांची गीते म्हणजे केवळ स्तुतिगीते, असा एक समज आहे; तो त्यांची गीते न वाचल्यामुळे झाला आहे. देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन आमच्या वाट्याची संपत्ती कोठे गेली, असा रोखठोक हिशेब मागणारे त्यांचे गीत प्रसिद्ध आहे. त्यात व्यक्तीची निंदा नाही, वाटपाचा प्रश्न आहे. दुसरे एक गीत वरवर पाहता बाबासाहेबांना उद्देशून आहे. परंतु त्याचा खरा रोख अनुयायांवर आहे. तुमच्या विचारांना मनापासून मानणारी मोजकी माणसे असती तरी चळवळीचे रूप निराळे दिसले असते, अशी त्यातील खंत आहे. भरल्या सभेत, जयंतीच्या दिवशी, टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांना ‘तुम्ही त्यांतले आहात काय?’ असे विचारण्याचे धैर्य या कवीपाशी होते. नेत्यांची फाटाफूट, व्यसन, शिक्षणाची हेळसांड या घरच्या दोषांवरही त्यांनी बोट ठेवले. स्तुती आणि आत्मपरीक्षण एकाच गीतात नांदवणे सोपे नाही, आणि तेथेच वामनदादांचे मोठेपण आहे.

धम्म आणि गाणे

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. उपोसथाच्या दिवशी आपण अष्टशील ग्रहण करतो. त्यातील सातवे शील नृत्य, गीत, वाद्य यांपासून विरत राहण्यास सांगते. मग धम्माच्या संस्थेत गाण्याला स्थान कोणते?

शंकेचे उत्तर पाली साहित्यातच आहे. हे शील उपोसथ पाळणाऱ्या उपासकासाठी आणि प्रव्रजितांसाठी आहे. गृहस्थाच्या नित्याच्या पंचशीलात ते येत नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख हा गंधर्व वीणेवर गातो, तेव्हा तंतूंचा स्वर आणि गीताचा स्वर एकमेकांशी जुळला आहे, असे तथागत त्याला म्हणतात. थेरगाथेत सुनीत थेर आपली कथा पद्यात सांगतात : हीन मानलेल्या कुळात जन्म, वाळलेली फुले झाडून टाकण्याचे काम, लोकांचा तिरस्कार आणि अखेर संघात मिळालेले मानाचे स्थान. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी होती. थंडीत नदीस्नानाने पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गाला जातील ना? अडीच हजार वर्षांपूर्वीची ही दासी आणि आपल्या जलशातील बतावणी यांचे नाते कोणालाही ओळखता येईल.

परंतु विनयपिटकात एक इशाराही आहे. काही भिक्खू धम्माचे पठण लांबट गाण्याच्या सुरात करू लागले, तेव्हा भगवंतांनी त्याचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतः त्या सुरावर आसक्त होतो. ऐकणारेही आसक्त होतात. लोक नावे ठेवतात. सुराच्या नादात समाधी भंगते. आणि पुढची पिढी तेच गिरवू लागते. त्याच वेळी अर्थाला धरून केलेल्या सस्वर पठणाला मात्र त्यांनी अनुमती दिली. यावरून आपल्याला एक कसोटी मिळते : गाण्यात अर्थ पुढे असावा, सूर त्याच्या मागे चालावा.

या कसोटीवर वामनदादांचे गीत पूर्ण उतरते. आज मिरवणुकीत भिंतीएवढे ध्वनिवर्धक लावून तेच गीत वाजवले जाते, तेव्हा कडव्यातील एक शब्द कानी पडत नाही, केवळ ठोका छातीवर आदळतो. त्या वेळी गीत वामनदादांचेच असते, परंतु कसोटी उलटी झालेली असते. भगवंतांनी सांगितलेले पाचही दोष तेथे एका ठिकाणी पाहावयास मिळतात. त्यांतील पाचवा अधिक चिंतेचा, कारण लहान मुले तेच पाहून शिकत आहेत.

निवासी शाळा आणि घरचे गाणे

निवासी शाळेवर या बाबतीत विशेष जबाबदारी का येते, हे समजण्यासाठी एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात नवाहो नावाचा आदिवासी समाज राहतो; तो स्वतःला ‘दिने’ म्हणवतो. १८६४ साली अमेरिकी सैन्याने या लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकून शेकडो मैल पायी नेले. १८६८ च्या तहानंतर त्यांना परतता आले. पुढे अमेरिकेने आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढल्या. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झालेली कार्लाइल येथील शाळा त्यांचा नमुना ठरली. अशा शाळांत मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि आपल्या भाषेत बोलल्यास शिक्षा होई. मूल घरी परते तेव्हा त्याला आजीचे गाणे समजत नसे. पुढे दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याच नवाहो भाषेचा गुप्त संदेशांसाठी अमेरिकी सैन्याला मोठा उपयोग झाला, हा इतिहासाचा उपहास आहे.

याच समाजातील रॅडमिला कोडी ही आजची नामवंत गायिका. आई नवाहो, वडील आफ्रिकी-अमेरिकी. तिला आजीने वाढवले आणि मेंढ्यांमागे फिरताना आजीची गाणी तिच्या कानी पडली. १९९७ साली ती ‘मिस नवाहो नेशन’ झाली, तेव्हा तिच्या मिश्र जन्मावरून काहींनी आक्षेप घेतले. तिने उत्तर दिले ते गाण्यातून. ती नवाहो भाषेत गाते आणि स्त्रियांवरील घरगुती हिंसाचाराविरुद्ध काम करते. शाळेने जे पुसू पाहिले ते एका आजीने जपले, असे तिच्याकडे पाहून म्हणता येते.

आपल्या वसतिगृहांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. मुलाला घरापासून तोडणे हा त्यामागील हेतू नव्हता. ज्या घराला अक्षर नाकारले गेले त्या घरात अक्षर पोहोचवणे हा होता. परंतु हेतू उत्तम असला तरी एक धोका येथेही आहे. मूल दहा वर्षे वसतिगृहात राहते, प्रमाण भाषा शिकते, इंग्रजी शिकते, आणि आजोबांच्या वहीतील गाणे त्याला गावंढळ वाटू लागते. कोणी शिक्षा केली नाही, तरी परिणाम तोच होतो. हा धोका टाळणे निवासी शाळेच्या हाती आहे.

कॅम्प पाचची संपत्ती

आपला परिसर या दृष्टीने समृद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार गमावून आलेल्या या शेजाऱ्यांनीही शाह अब्दुल लतीफ यांची पदे आणि भगत गायनाची परंपरा बरोबर आणली होती. पुढे कारखान्यांच्या आधाराने नाशिक, नगर, खानदेश, मराठवाडा, विदर्भ अशा भागांतील श्रमिक कुटुंबे कॅम्प पाचपासून अंबरनाथ, बदलापूरपर्यंत स्थिरावली. त्यांनी ट्रंकेत भांडीकुंडी आणली तशी कंठात गाणी आणली. दिवसपाळी करून रात्री पेटीवर बसणारे गायक या वस्त्यांनी पाहिले आहेत.

त्या गायकांच्या वह्या आज माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, कधी रद्दीत आहेत. छापील पुस्तक हरवले तर दुसरी प्रत मिळते. वही गेली की गाणे गेले. वामनदादांसारख्या थोर कवीची गीतेसुद्धा पुष्कळशी विखुरलेली राहिली, मग ज्यांचे नाव वस्तीबाहेर गेले नाही त्यांची काय कथा!

म्हणून विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यासाठी पुढील अभ्यासक्रम सुचवतो.

१. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत घरी जाऊन आजी, आजोबा वा शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून एक भीमगीत, बुद्धगीत किंवा ओवी ऐकावी आणि ती शब्दशः उतरवून आणावी. सांगणाऱ्याचे गाव, गाणे कोणाकडून शिकले आणि सुमारे कोणत्या काळात, हेही लिहावे.

२. वर्गात ते गीत प्रथम वाद्याविना वाचावे. ध्रुपद कोणते, कडव्यांत कोणती उदाहरणे आहेत, नाममुद्रा कोणाची आहे, हे ओळखावे. न कळलेले शब्द अधोरेखित करून त्यांचे अर्थ घरच्यांना विचारावेत.

३. गीतात उल्लेखिलेली घटना इतिहासाच्या पुस्तकाशी पडताळावी. चवदार तळे, काळाराम मंदिर, धम्मदीक्षा, नामांतर यांच्या तारखा गीतासोबत लिहाव्यात. चळवळीने बुद्धिप्रामाण्य शिकवले आहे. ते गीतालाही लागू करावे.

४. यानंतरच गीत गावे, आणि असे गावे की शेवटच्या रांगेतील श्रोत्यालाही प्रत्येक शब्द कळेल.

५. माजी विद्यार्थ्यांनी घरातील जुन्या वह्या, ध्वनिफिती आणि कार्यक्रमांची हस्तपत्रके शाळेच्या ग्रंथालयात आणावीत. मूळ वस्तू द्यावयाची नसल्यास छायाप्रत द्यावी.

या पाच पायऱ्यांना फारसा खर्च नाही. लागतो तो वेळ, आणि ऐकण्याची तयारी. ज्या आजीला सहीऐवजी अंगठा द्यावा लागला ती नातवासमोर बसून गीत सांगेल, नातू ते उतरवून घेईल. त्या घडीला घरातील निरक्षर व्यक्ती शिक्षक होते आणि शिकलेले मूल तिचे लेखनिक होते. वामनदादांना पाट्या वाचीत जी अक्षरे मिळवावी लागली, ती आपल्या मुलांच्या हाती आज सहज आहेत. त्यांचा पहिला उपयोग आपल्याच माणसांचे शब्द जपण्यासाठी व्हावा, यापरते या लोककवीचे दुसरे स्मारक कोणते असणार?

नमो बुद्धाय! जय भीम!